पानिपत एका तासात उरकू नका

दिल्ली, मथुरा, हरिद्वार अशी सहल आखताना आपली मंडळं पानिपतला वाटेवरचा थांबा समजतात. बस युद्धाच्या स्मारकापाशी, काला अंबला थांबते, घोषणा होतात, फोटो निघतात आणि तासाभरात बस पुढे लागते. ज्या जागेवरून 'पानिपत होणं' हा शब्दप्रयोग मराठीत रुजला, तिला एवढाच वेळ देणं मनाला पटत नाही. मंडळाने तीन दिवस काढावेत आणि क्रम १७६०-६१ च्या मराठ्यांच्या मोहिमेचा ठेवावा. निघण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांनी नकाशा पसरून बसावं, हाताशी शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' असावं.

पहिला दिवस दिल्लीचा. यमुनेच्या बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले. अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीविरुद्ध सदाशिवरावभाऊंची मोहीम दक्षिणेतून निघाली ती त्यानंतर. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासच्या छताखाली जरा थांबा. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आल्यावर भाऊंनी या दालनाच्या छताची चांदी उतरवली आणि फौजेचा खर्च भागवला. पैशाची ओढाताण तेव्हापासूनच होती.

दुसऱ्या दिवशी पानिपत ओलांडून थेट कर्नालजवळचं कुंजपुरा गाठायचं. सोबतचे लोक कुरकुर करतील, पण हे गाव गाळू नका. १७ ऑक्टोबर १७६० ला मराठ्यांनी कुंजपुरा जिंकलं, धान्य हाती लागलं, छावणीत आनंद झाला. फौजेसोबत बायकामुलं होती, उत्तरेतली तीर्थं घडावीत म्हणून निघालेले यात्रेकरू होते. इथून कुरुक्षेत्र अगदी आवाक्यात होतं. तेवढ्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडल्याची बातमी आली आणि सगळा तांडा मागे वळला. कुरुक्षेत्राचं दर्शन राहून गेलं. आपण मात्र त्याच दिवशी तिथे जाऊन यावं. त्या माणसांची राहिलेली यात्रा मनात ठेवून ब्रह्मसरोवरात हात बुडवावा.

तिसरा दिवस पूर्ण पानिपतचा. नोव्हेंबरपासून छावणी इथे अडकली, रसद तुटली, जनावरं मेली. १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. उपाशी माणसं तोंडाला हळद फासून पहाटे बाहेर पडली. मरायचंच तर लढून मरू, हा त्या हळदीचा अर्थ. काला अंब शहरापासून आठेक किलोमीटरवर आहे. लोखंडी कुंपणात विटांचा एक खांब आहे, त्याच्या माथ्यावर लोखंडी गज. इथे आंब्याचं झाड होतं आणि रक्त पिऊन ते काळं पडलं, असं लोक सांगतात. झाड आता नाही. खांबापाशी घोषणा देण्याआधी पाच मिनिटं गप्प उभं राहा, मग एकेकाने नावं घ्या: विश्वासराव, जनकोजी, समशेर बहाद्दर, इब्राहिमखान गारदी. शेवटची दोन नावं विसरू नका. शहरात संग्रहालय आहे, इब्राहिम लोदीची कबर आहे; तीही पाहून होतील.

व्यवस्थेचं थोडं. दिल्लीहून पानिपत सुमारे नव्वद किलोमीटर. बस करा किंवा अंबाल्याकडे जाणारी रेल्वे धरा. रस्त्याने गेलात तर मुरथलला पराठे आणि पांढरं लोणी मिळेल. जानेवारीत मात्र दाट धुकं असतं, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात; परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. मंडळात ज्येष्ठ अधिक असतील तर फेब्रुवारीअखेर जावं.

तरीही १४ जानेवारीलाच जायचं असेल, तर खोल्या खूप आधी ठरवा. त्या दिवशी काला अंबला शौर्य दिन असतो. महाराष्ट्रातून माणसं येतात, आणि हरियाणातल्या रोड समाजाचीही येतात. आपले पूर्वज पानिपतानंतर मागे राहिलेले मराठे होते, असं त्यांच्यातले अनेकजण मानतात. त्यांच्यासाठी घरून तिळगूळ न्या, आणि त्यांच्याशी बोलायला दोन तास मोकळे ठेवा.