जुनें जेट विमान आणि वैमानिकाचा अनुभव

माणदेशांतील एखाद्या वृद्ध गाडीवानाकडे पाहा. त्यानें जन्मभर गाडी हांकलेली असते. पण खिलार बैलांची नवी जोडी घरीं आली, कीं तिला तो पहिल्याच दिवशीं भरल्या बाजाराच्या रस्त्यावर नेत नाहीं. आधीं मोकळ्या माळावर तिची चाल पाहतो, वळावयास तिला किती जागा लागते तें पाहतो, कासरा किती ओढला म्हणजे ती थांबते हें हातास कळूं देतो. गाडी हांकण्याचा अनुभव निराळा आणि या जोडीचा अनुभव निराळा, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. आजचा विषय वरवर फार दूरचा वाटेल. पण त्याचें मर्म याच भेदांत आहे.

लढाऊ विमान निवृत्त झालें म्हणजे आपल्याकडे तें बहुधा संग्रहालयांत किंवा एखाद्या चौकांतील चौथऱ्यावर विसावतें. इंग्लंड-अमेरिकेंत मात्र अशीं कांहीं विमानें खासगी मालक विकत घेतात, दुरुस्त करतात आणि उडवितात. त्यांतील नांवें आपणांस अपरिचित नाहींत. व्हॅम्पायर हें भारतीय वायुदलाचें पहिलें जेट विमान १९४८ सालीं आलें. १९५७ पासून आलेल्या हंटर विमानांनीं १९७१ च्या डिसेंबरांत लोंगेवाला येथें शत्रूचे रणगाडे फोडले. अशा विमानाचा मालक होण्यास पैसा पुरतो. पण तें उडविण्यास काय पुरेल?

अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यानें याचें उत्तर प्रथम आंकड्यांत दिलें आहे. निवृत्त लष्करी जेट उडवूं इच्छिणाऱ्यास एकूण १,००० तासांचा अनुभव हवा, व त्यांतील ५०० तास तो स्वतः विमानाचा प्रमुख असावयास हवा. हा आंकडा लहान नव्हे. नांदेड जिल्ह्यांतून आलेले माजी वायुदलप्रमुख विवेक राम चौधरी यांचीं सबंध सेवेंतील उड्डाणें ३,८०० तासांहून कांहींशीं अधिक भरतात. शिवाय परवानगी मिळते ती त्या विशिष्ट जातीच्या विमानापुरती.

हा दुसरा निर्बंध कशासाठीं? पंख्याच्या लहान विमानांत थ्रॉटल पुढें सारतांच शक्ति मिळते. जुन्या जेट यंत्रास ती देण्यास कांहीं सेकंद लागतात. आणि ताशीं ५५० किलोमीटर वेगानें जाणारें विमान एका सेकंदांत दीडशें मीटर अंतर तोडतें. इंधन भराभर संपतें. म्हणून चूक कळल्यावर विचार करूं, असें म्हणावयास तेथें अवसर नसतो. विचार आधींच झालेला असावा लागतो.

२२ ऑगस्ट २०१५ रोजीं इंग्लंडमधील शोरहॅम येथें हें फार दारुण रीतीनें प्रत्ययास आलें. प्रात्यक्षिकांत कोलांटी घेणारें एक हंटर विमान शेजारच्या हमरस्त्यावर कोसळलें व ११ माणसें दगावलीं. त्यांपैकीं एकहि विमानतळाच्या आवारांत नव्हता. वैमानिक वांचला, पुढें २०१९ सालीं न्यायालयानें त्यास सदोष मनुष्यवधाच्या आरोपांतून मुक्त केलें. दोषाचा विचार न्यायासनाकडेच राहूं द्यावा. आपणांस पाहावयाचें तें अनुभवाचें मोजमाप. या वैमानिकाच्या नांवावर १४,००० हून अधिक तास होते. हंटर विमानावरचे तास मात्र पन्नासहि नव्हते.

अपघाताच्या चौकशीचा अहवाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. कोलांटीच्या माथ्यावर किमान ३,५०० फूट उंची हवी होती. प्रत्यक्षांत ती सुमारें २,७०० फूटच होती. वैमानिक दुसऱ्या एका हलक्या जेट विमानावरहि कसरती करीत असे. त्या विमानाचे आंकडे येथें मनांत आले असावेत, ही शक्यता चौकशी करणाऱ्यांनीं नोंदविली. माथ्यावर उंची कमी आहे असें दिसतांच कोलांटी सोडून बाहेर पडणें शक्य होतें. पण हंटरमधून तसें बाहेर पडण्याचें रीतसर शिक्षण त्यास मिळालेलें नव्हतें, आणि तशी परीक्षाहि कोणी घेतली नव्हती.

येथें हजारों तासांचा हिशेब अपुरा पडतो. तास हे माणसानें मागें काय केलें तें सांगतात. आज, या विमानांत, या उंचीवर तो काय करील हें ते सांगत नाहींत. म्हणून पात्रता ठरवितांना आणखी तीन प्रश्न विचारावे लागतात : हे तास कोणत्या विमानावरचे? किती अलीकडचे? आणि बिघडलेला डाव सोडून देण्याची परीक्षा जाणत्या परीक्षकानें घेतली आहे काय? शोरहॅमनंतर दोनच दिवसांत ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं जमिनीवरील प्रदर्शनांत जुन्या जेट विमानांच्या कसरती थांबविल्या व केवळ साध्या उड्डाणांस मुभा ठेविली.

जुनीं विमानें आकाशांत दिसावींत ही हौस गैर नव्हे. त्यांच्या आवाजांत इतिहास पुन्हां जिवंत होतो. परंतु त्या हौसेचें मोल खालच्या रस्त्यानें जाणाऱ्या परक्या माणसास द्यावें लागूं नये, एवढ्यासाठींच हे नियम आहेत. आमचा गाडीवान नवी जोडी प्रथम माळावर नेतो, तो स्वतःस अडाणी समजतो म्हणून नव्हे. बाजारच्या रस्त्यावर लोकांचीं मुलें खेळत असतात, हें तो जाणतो म्हणून.