जनीचा गोतावळा

संतमेळ्यातली परीक्षा थापटण्याने झाली. कथा सर्वांना ठाऊक आहे. तेरला संत जमले होते. यातलं पक्कं कोण आणि कच्चं कोण, असं मुक्ताईने विचारलं आणि गोरोबाकाकांनी मडकी थापटायचं थापटणं उचलून एकेकाच्या डोक्यावर हाणायला सुरुवात केली. बाकीच्यांनी मुकाट सोसलं, नामदेव तेवढे चिडले. मडकं कच्चं ठरलं, कारण गुरू केलेला नव्हता. तिथून नामदेवांनी गाठलं ते औंढा नागनाथ. शिवपिंडीवर पाय टाकून पडलेले विसोबा खेचर तिथे भेटले.

ही कथा इतिहास म्हणून घेऊ नये, पण नकाशा म्हणून जरूर घ्यावी. औंढा आणि नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी (पंढरपूरचाही दावा आहेच) ही दोन्ही गावं १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होती. तिसरं गाव आजही परभणीतच आहे, गोदाकाठचं गंगाखेड. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. इथल्या दमाची पोर जनी लहानपणीच पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिली. गुरू, शिष्य आणि दासी अशी तिघं एका जुन्या जिल्ह्याच्या हद्दीत सापडावीत, याचं परभणीकरांना फारसं कौतुक दिसत नाही.

संतांचा हा मेळा म्हणजे एक बंधुसंघच. पण बंधुसंघ म्हटलं की आपल्याला शपथ आणि गुपित आठवतं. फिलिपाईन्समधला कातिपुनान हा त्याचा नमुना. ७ जुलै १८९२ ला मनिलात आंद्रेस बोनिफासिओ आणि त्याच्या साथीदारांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध तो स्थापला. नवा सभासद स्वतःच्या रक्ताने सही करी. सभासदांच्या तीन पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीचा परवलीचा शब्द वेगळा. बायकांची शाखाही होती, पण ती सभासदांच्या बायका, बहिणी आणि मुलींपुरती. ऑगस्ट १८९६ मध्ये एका सभासदाने आपल्या बहिणीपाशी तोंड उघडलं, बातमी पाद्र्यापर्यंत गेली, धरपकड सुरू झाली आणि क्रांतीचा भडका उडाला. आपल्याकडे नाशिकच्या मित्रमेळ्यातून १९०४ साली उभी राहिलेली अभिनव भारत ही याच जातीची संघटना. तिथेही शपथ होतीच.

वारकऱ्यांचं बंधुत्व याच्या अगदी उलट, चव्हाट्यावरचं. ज्ञानेश्वरीवर ठेवलेली तुळशीची माळ गळ्यात पडली की माणूस माळकरी झाला. मग मांस-मद्य वर्ज्य, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा आणि वारी चुकवायची नाही. माळ ज्या फडावर घेतली त्या फडाचे सगळे माळकरी गुरुबंधू. लपवायचं काहीच नाही. उलट माळ आणि बुक्का गावाने पाहावा म्हणूनच असतो. निजामाच्या राज्यातला परभणीचा शेतकरी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातल्या पंढरपुरी जाई, तेव्हा त्याची ओळख पटवायला ही माळ पुरे.

पण या गोतावळ्याचं पहिलं ठळक चित्र काढलं कोणी? माझ्या मते जनाबाईने. नामदेवगाथेत तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांतल्या एकात विठोबा लेकुरवाळा बाप होऊन येतो आणि निवृत्ती, सोपान, ज्ञानेश्वर, मुक्ताई, गोरा, चोखा, बंका, नामदेव ही सगळी त्याच्या अंगाखांद्यावरची, बोट धरून चालणारी पोरं आहेत. ब्राह्मण, कुंभार, महार, शिंपी अशी एका बापाची लेकरं मांडली की भावंडपण वेगळं शिकवावं लागत नाही. हे तत्त्वज्ञानाच्या पोथीत नव्हे, दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या बाईच्या रचनेत आहे. तिने स्वतःला त्या पोरांत बसवलेलं नाही, हेही ध्यानात घ्यावं. एरवी ती नामयाची दासी म्हणूनच सही करते.

चित्र झालं, व्यवस्था फार उशिरा आली. साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी आळंदीच्या पालखीला फौजेची शिस्त लावली. पताकावाले पुढे, मग टाळकरी, मृदंगी, विणेकरी आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. क्रमांकावरून भांडणंही होतात, आणि ती व्हायचीच, माणसं आहेत. परभणीकडच्या वाटेवर अशीच शिस्त शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीत दिसते. पांढऱ्या वेशातले शेकडो वारकरी परभणीहून निघतात आणि गोदावरी ओलांडून गंगाखेडात, म्हणजे जनाबाईच्या माहेरी, उतरतात. तिथून पुढे परळीची वाट.

आता या बंधुत्वाच्या भिंती. चोखोबांना देवळाची पायरी चढू दिली नाही. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि मंगळवेढ्याहून त्यांच्या अस्थी आणून ती बांधली नामदेवांनी, असं परंपरा सांगते. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हायला मे १९४७ मधलं साने गुरुजींचं उपोषण लागलं. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं की एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे अभंग एकत्र म्हणतात आणि जेवायला वेगळे बसतात. मधे चालणाऱ्या बाईंना दोन्हीकडच्या पंगती दिसत होत्या आणि ते त्यांना बोचलं. संतांच्या जातींची यादी अभिमानाने सांगणाऱ्यांनी ही पंगतही सांगावी.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत कौतुकाची वाटते ती संध्याकाळची समाजआरती. तळावर दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करून पुकारा करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, ऐकून घेतो, तोड काढतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारल्या जातात. अर्ज नाही, वकील नाही. गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. शपथेवर चाललेल्या संघात विरोधाचा आवाज म्हणजे फितुरी. इथे त्या आवाजाला आरतीतच जागा आहे.

फक्त ही सोय क्रमांक असलेल्या दिंडीला. कुठल्याच दिंडीत नाव नसलेल्या एकट्यादुकट्याला टाळ वाजवत ठेवता येत नाही. ट्रकबरोबर पुढे जाऊन तळावर भाकऱ्या थापणाऱ्या बायका दिंडीच्याच असतात, पण त्यांच्या हातात टाळ नसतो, पीठ असतं. जनी आज वारीला निघाली असती, तर त्यांच्यातच सापडली असती.