लाल छाती उशिरा येते

इंग्लंडमधल्या घरामागच्या बागेतले पक्षी ओळखणे अवघड नाही, असे नवख्याला वाटते. हिवाळ्यात ते खरेही असते. आरएसपीबी ही तिथली पक्षीसंवर्धन संस्था १९७९ पासून दर जानेवारीच्या अखेरीस बागेतल्या पक्ष्यांची गणना भरवते. हौशी माणसे तासभर खिडकीशी बसून पक्षी मोजतात. तेव्हा दिसणारे पक्षी पुरते वाढलेले असतात: लाल छातीचा रॉबिन, पिवळ्या चोचीचा काळाभोर ब्लॅकबर्ड, पांढऱ्या गालांचा ब्लू टिट.

मे उजाडला की हा हिशेब बिघडतो. घरट्यातून नुकती बाहेर पडलेली पिल्ले हिरवळीवर उतरतात आणि त्यांतली बरीचशी आईबापांसारखी दिसत नाहीत. बँकेत नमुना सहीशी सही ताडून पाहण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हा मोठाच पेच. इथे सही जुळत नाही, तरी खातेदार खराच असतो.

रॉबिनचे पिल्लू तपकिरी, अंगभर बदामी ठिपक्यांचे. लाल रंगाचा मागमूस नाही. ब्लू टिटच्या पिल्लाचे गाल पिवळट. चकचकीत, ठिपकेदार स्टार्लिंग आपल्या साळुंकीच्या कुळातला. त्याचे पिल्लू मात्र सरसकट मातकट. गोल्डफिंचच्या पिल्लाचा चेहरा लाल नसतो, पण पंखावरचा सोनेरी पट्टा त्याची ओळख देतो. ब्लॅकबर्डचे तांबूस, ठिपकेदार पिल्लू पाहून अनेकांना साँग थ्रश आठवतो. पण थ्रशची छाती फिकट आणि तिच्यावरचे ठिपके गडद असतात. चिमणी तर आपलीच. तिच्या पिल्लाच्या चोचीच्या पिवळ्या कडा आपण लहानपणापासून पाहिलेल्या आहेत.

रॉबिनच्या पिल्लाच्या साध्या वेषाला अर्थ आहे. डेव्हनमधल्या डार्टिंग्टन हॉल इथे शिक्षक असताना डेव्हिड लॅक यांनी १९३० च्या दशकात रॉबिनचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९४३ मध्ये आले. आपल्या हद्दीत ठेवलेल्या नुसत्या लाल पिसांच्या झुबक्यावरही रॉबिन तुटून पडतो, असे त्यांना दिसले. पेंढा भरलेल्या, तपकिरी छातीच्या पिल्लाकडे मात्र तो सहसा दुर्लक्ष करी. लाल छाती म्हणजे भांडणाचे निशाण. ते पिल्लाच्या अंगावर चढते उन्हाळा सरता सरता, पिसे बदलल्यावर.

ओळख चुकली तर पिल्लाच्या जिवावर बेतते. ब्लॅकबर्डचे पिल्लू साधारण दोन आठवड्यांचे असताना घरटे सोडते. त्याला अजून नीट उडता येत नसते. ते झुडपाखाली गप्प बसते. एखादा कनवाळू माणूस त्याला पोरके समजून खोक्यात घालून घरी नेतो आणि इकडे चोचीत गांडूळ धरून बाप त्याला शोधत राहतो. अंगावर पिसे असतील आणि पिल्लू टुणटुण उड्या मारत असेल, तर त्याला तिथेच राहू द्यावे; मांजर घरात घ्यावे. रस्त्यावर असेल तर जवळच्या झुडपात ठेवावे. उघडेबोडके पिल्लू मात्र घरट्यातून पडलेले असते. घरटे सापडल्यास त्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा आपल्याकडचा समज तिकडेही आहे आणि दोन्हीकडे तो खोटा आहे.

चिमणी आणि स्टार्लिंग दोघेही २००२ पासून ब्रिटनच्या चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत आहेत. अशा वेळी एकेक पिल्लू मोलाचे. म्हणून मला वाटते, ठिपकेदार पिल्लू दिसले की आधी दहा पावले मागे सरावे आणि थोडा वेळ थांबावे. बहुधा आईबापांपैकी कुणीतरी येतेच. आणि पिल्लू कुणाचे, हेही तेव्हाच कळते.