ध्रुवीकरण : शब्द कुणाचा, अनुभव कुणाचा?

विक्रोळीच्या कन्नमवारनगरातली, टागोरनगरातली आणि पार्कसाइटच्या डोंगरावरची मुले माझ्या वर्गात बसतात. त्यांच्यापैकी चौघांनी महाविद्यालयीन चित्रफीत स्पर्धेत उतरायचे ठरवले. विषय ‘राजकीय ध्रुवीकरण’, मर्यादा तीन मिनिटांची. पहिल्या आराखड्यात दोन मित्र होते. प्रत्येकाच्या हाती वेगळा झेंडा. दोघे भांडतात आणि शेवटी एकाच कपातला चहा पितात.

मी विचारले, “हा कप कुणाच्या घरचा?” मुले गप्प झाली. मग एक मुलगी म्हणाली, “सर, गावच्या हॉटेलात माझ्या आजीचा कप वेगळा असायचा. ती स्वतःच धुऊन ठेवायची.” हे टिपण त्या वाक्यातून निघाले आहे.

ध्रुवीकरण म्हणजे नुसते मतभेद नव्हेत. समाजात भांडणाच्या रेषा अनेक असतात. मजुरीची, पाण्याची, घराची, भाषेची, जातीची, धर्माची. कारखान्यात शेजारच्या यंत्रावर उभा असलेला माणूस मताने माझा विरोधक असेल, पण पगारवाढीच्या लढ्यात तो माझा सोबती असतो. या सगळ्या रेषा पुसून एकच रेषा उरवली जाते आणि माणसाला विचारले जाते, ‘तू आमचा की त्यांचा?’ तेव्हा ध्रुवीकरण होते. मग नळाला पाणी का नाही हा प्रश्न विचारणारासुद्धा अगोदर कोणत्या बाजूचा, हे पाहिले जाते.

याची सर्वांत नेमकी फोड बाबासाहेबांनी केलेली आहे. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात त्यांनी राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांतला फरक सांगितला. राजकीय बहुमत विचारावर तयार होते, मोडते, पुन्हा बनते. त्यात कुणालाही येता येते. जातीय बहुमत मात्र जन्माने ठरते आणि त्याचे दार बाहेरच्याला बंद असते. आज आपण ज्याला ध्रुवीकरण म्हणतो ते दुसरे काही नसून जातीय बहुमताला राजकीय बहुमताचे कपडे चढवणे होय. मतपेटी उघडते, पण निकाल जन्माच्या वेळीच लागलेला असतो.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. प्रस्थापित पांढरपेशा माणूस हल्ली हळहळतो की, पूर्वी सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, आता समाज दुभंगला. हे ‘सगळे’ म्हणजे कोण? गावकुसाच्या आत आणि बाहेर अशी फाळणी तर शतकानुशतके होतीच. तिला कुणी ध्रुवीकरण म्हटले नाही, कारण बाहेरचा माणूस मुकाट्याने बाहेर राहत होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्याने ओंजळीत घेतले आणि लगेच ‘शांतता’ बिघडली. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. तळे ‘शुद्ध’ केले गेले. तेव्हा समाज कुणी दुभंगला? पाणी पिणाऱ्याने की अफवा उठवणाऱ्याने? हक्क मागणारा आणि हक्क नाकारणारा यांना दोन सारखी टोके मानणे, हीच मोठी फसवणूक आहे.

विक्रोळीच्या मुलांना महाड दूर वाटले तर घाटकोपर जवळ आहे. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकरनगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी दिसले. लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. जमाव टँकर पेटवणार होता, असे समर्थन पुढे आले. न्या. गुंडेवार आयोगाने ते स्वीकारले नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. त्या हत्याकांडानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून सुरू झालेला आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट पुरा व्हायला सुमारे चौदा वर्षे लागली. चौदा वर्षे आणि तीन मिनिटे, हे अंतर मी मुलांना मुद्दाम दाखवले. तीन मिनिटांत सत्य सांगता येत नाही असे नाही. पण कुठून कापले आणि कुठे जोडले यावर गुन्हेगार आणि बळी यांची अदलाबदल होऊ शकते. मोबाइलवर फिरणारी चित्रफीत दगडापासून सुरू होते, दगडाच्या अगोदरचे काहीच दाखवत नाही.

मुलांनी आराखडा फेकून दिला. आजी कॅमेऱ्यासमोर बसली आणि कपाची गोष्ट तिने स्वतःच्या बोलीत सांगितली. तीन मिनिटे, एकही कात्री न लावता. परीक्षकांचा शेरा आला, ‘विषयाला सोडून, एकांगी’. बक्षीस मिळाले नाही.

माझ्या वडिलांना सहीपुरते अक्षर येत होते. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिला. ‘एकांगी’ हा शेरा मीही वहीवर पुष्कळदा वाचला आहे. म्हणून शिक्षक आणि कार्यकर्ते मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते : मुलगा हातात कॅमेरा घेईल तेव्हा त्याला समतोल शिकवण्याअगोदर तीन प्रश्न शिकवा. भांडण कुठून सुरू झाले? त्यात कुणाचे काय जाते? आणि कुणाला बोलायलाच मिळालेले नाही? संविधानाने समतेबरोबर बंधुताही सांगितली आहे. पण एका कपातला चहा ही बंधुतेची सुरुवात नव्हे. वेगळा कप कुणी ठेवला होता, हे त्याने कबूल करणे ही सुरुवात आहे.