रूट कॅनॉलनंतरचा दात : फायबर पोस्टने खरेच बळकट होतो का?

सोलापूर - कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या या शहरात दातांची परीक्षा रोजच होत असते. रूट कॅनॉल केलेला दात भाकरीचा तुकडा चावताना दुभंगला, की दोष भाकरीला दिला जातो, नाहीतर डॉक्टरांना. खरे कारण बहुधा निराळेच असते.

नस काढल्यावर दात वाळतो आणि ठिसूळ होतो, ही समजूत सर्वत्र आढळते. मात्र १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी रूट कॅनॉल केलेले दात आणि त्याच रुग्णांचे दुसऱ्या बाजूचे जिवंत दात तपासले, तेव्हा ठिसूळपणात लक्षणीय फरक दिसला नाही. दात दुबळा होतो तो गमावलेल्या भागामुळे. १९८९ च्या एका प्रयोगानुसार उपचारासाठी पाडलेल्या छिद्राने दाताचा ताठपणा अवघा ५ टक्के घटतो. पुढच्या-मागच्या दोन्ही कडा गेल्या असतील तर हीच घट ६३ टक्क्यांवर जाते.

दाताचा वरचा भाग फारच थोडा उरला, की त्यावर उभारायच्या भरावाला आधार म्हणून मुळात पोस्ट, म्हणजे बारीक दांडी, बसवतात. पूर्वी ती धातूची असे. स्टेनलेस स्टील हे दाताच्या आतील भागापेक्षा, डेंटिनपेक्षा, सुमारे दहापट ताठ. चावण्याचा ताण मुळावर एकवटतो आणि मूळ उभे चिरले तर दात काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. फायबर पोस्ट १९९० च्या सुमारास फ्रान्समधून पुढे आला. आरंभी तो काळ्या कार्बन तंतूंचा होता, पुढे काचतंतूंचा पांढरा आला. विणकरांच्या या गावाला सांगायचे तर यात केवळ ताणा आहे, बाणा नाही. उभे तंतू रेझिनमध्ये घट्ट बसवलेले असतात. त्याची लवचिकता डेंटिनच्या जवळपास असते. भार असह्य झाला तर बहुधा पोस्ट निखळतो, मूळ वाचते आणि दात पुन्हा उभारता येतो.

तथापि, पोस्ट दाताला बळ देत नाही. तो भराव धरून ठेवतो, इतकेच. किंबहुना त्याच्यासाठी मूळ अधिक कोरले, तर दात आणखी अशक्त होतो. म्हणूनच अनेक दाढांना पोस्टची गरजच नसते. खरे बळ मिळते ते हिरडीवर सभोवार उरलेल्या दीड ते दोन मिलिमीटर निरोगी दातामुळे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळते, तशी कॅप या कड्याला आवळून धरते.

दुखणे थांबले, की खर्चाच्या धास्तीने कॅप लांबणीवर टाकली जाते. अमेरिकेतील २००२ च्या एका अभ्यासात कॅप न बसवलेले असे दात गमावण्याचे प्रमाण सहापट आढळले होते.

हिरडीवर पुरेसा दात उरलाच नसेल, तर लहान शस्त्रक्रियेने हिरडी खाली घेता येते किंवा तारेच्या साह्याने मूळ थोडे वर ओढता येते. तेही शक्य नसेल, तर कोणताही पोस्ट तो दात फार काळ टिकवू शकत नाही.