चालायला वाट आणि वाटेला सोबत
(ऊस विकास विभागाकडून)



बेणे-खताची माहिती आपण या पानावर नेहमी वाचता. या खेपेला शरीराच्या मशागतीविषयी थोडे सांगावयाचे आहे.

पूर्वी शेतकऱ्याला वेगळा व्यायाम लागत नसे. दारं धरणे, नांगरामागे चालणे, बाजाराला पायी जाणे यातच अंग मोडून निघे. आता ठिबकचा कॉक फिरवला की काम झाले. मोटर मोबाईलवरून सुरू होते आणि चौकातल्या दुकानाला जायलाही गाडी लागते. ताटातलं जेवण मात्र तेवढंच राहिलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातही शंभरातल्या सुमारे ९ प्रौढांना मधुमेह आढळला.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालण्याइतकी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. एवढेही का होत नाही? निव्वळ आळस म्हणून चालणार नाही. बेणं कितीही निवडक घ्या, चिबड रानात ऊस पिवळाच पडतो. माणसाचेही तसेच आहे; भोवतालची परिस्थिती त्याला चालवते किंवा बसवते.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. कंडक्टर काही व्यायाम म्हणून जिने चढत नव्हते, कामच तसे होते. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी काही रस्ते मोटारींना बंद ठेवू लागले आणि लोक आपणहून चालायला, सायकलीवर बाहेर पडू लागले.

आपल्याकडे हंगामात काय होते? अंधार पडला की रस्त्याने ट्रॉल्यांची रांग, मागे लाल पट्टी नाही, कडेला काटेरी झुडपं आणि खांबावर दिवा नाही. अशा रस्त्यावर घरच्या लेकी-सुनांना कोण फिरायला पाठवील?

वाटेइतकीच सोबतही लागते. एकट्याला जे जड जाते ते दिंडीत आळंदीहून पंढरीपर्यंत म्हातारी माणसंही चालून जातात. तालमीतही पोरगं जोडीदारामुळेच टिकतं. बाई एकटी निघाली तर “कुठं निघालीस रिकामी?” म्हणून विचारतात, चौघी निघाल्या तर कोणी विचारत नाही.

ऊसतोड मजुरांना हे सांगायची गरज नाही. त्यांना विश्रांतीच हवी. प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे. तेव्हा,

१) ज्यांची वाहने ऊस वाहतुकीला आहेत त्यांनी ट्रॉली व बैलगाडीमागे चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात.

२) ग्रामसभेत गावाबाहेरच्या एका तरी रस्त्यावर दिवे आणि कडेला चालण्याजोगी जागा मागावी.

३) प्रत्येक गल्लीत चार-पाच जणांनी वेळ ठरवून निघावे. गुडघेदुखी वा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पट्टीला खर्च थोडा आहे. हंगाम सुरू होण्याआधी सभासदांनी हे काम अवश्य उरकून घ्यावे.