अण्णा नाईकांचे गूढ

मंडळी, आपल्या दशावतारात संकासुर रंगमंचावर आला, की तो वेद पळवणार हे पोराटोरांनाही ठाऊक असते. तो असा का झाला, त्याच्या घरी कोण कोण होते, ही चौकशी कोणी करीत नाही. अण्णा नाईकांची मात्र सगळ्यांनी केली!

२२ फेब्रुवारी २०१६ ला दूरचित्रवाणीवर 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली. आपल्याच आकेरी गावातल्या वाड्यात तिचे चित्रण झाले. आरंभीच अण्णा वारतात. मुलगे, सुना, लेक गोळा होतात आणि घरात नाही नाही ते घडू लागते. भुताटकी म्हणावी, की घरातल्याच कुणाचे कारस्थान? घरोघरी तर्क सुरू झाले.

आता गंमत पाहा. स्वतः अण्णा सांगायला उरलेच नव्हते. त्यांच्याविषयी जे कळायचे ते माईच्या, मुलांच्या, नाहीतर पांडूच्या तोंडून. पांडू तर आधीच विसराळू! साक्षीदार असे असल्यावर मधल्या जागा पाहणारा स्वतःच भरतो. आणि भरतो ते आपल्या ओळखीच्या घरातले. कोणाच्या डोक्यात भावकीचा जमिनीचा तंटा, कोणाच्या डोक्यात आजोबांची लपवलेली भानगड. जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला, तो गोष्टीला मागे घेऊन गेला. माधव अभ्यंकरांचे हयात अण्णा दिसले, शेवंता दिसली. मग 'कोणी केले?' हा प्रश्न मागे पडून 'हा माणूस असा का?' हा पुढे आला. मला विचाराल तर हाच प्रश्न जास्त चांगला.

मालिकेपुरता तर्क चुकला तर काय बिघडले? पण खऱ्या घरात दुखणे हटेना, म्हैस आटली, की हीच सवय उफाळते. 'कोणीतरी केल्यान' म्हणत बोट वळते ते बहुधा एखाद्या एकट्या बाईकडे. करणी करते असा आळ घालून कोणाचे जगणे मुश्कील करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

गुरुजी, बाई, वर्गात एकदा करून बघा. मुलांना मालिकेतला, नाहीतर गावातल्या भुताच्या गोष्टीतला एक प्रसंग द्या. फळ्यावर तीन रकाने आखा: आपण पाहिले ते, कोणी सांगितले ते, आणि आपण मनाने जोडले ते. तिसऱ्या रकान्याला फळा पुरणार नाही.